वरच्या तळ्याच्या खाला

हात हातात घेतला की खाला आधी बोटांची मुळं दाबून बघायच्या. पीठ नीट मळलं गेलंय का ते बघावं तशा. मग डोळे अर्धवट मिटून म्हणायच्या, "हात ढिला सोड, बेटी. बाकी माझ्यावर." समोरची बाई हात ढिला सोडायची आणि पुढच्या क्षणी काचेची बांगडी तिच्या मनगटावर जाऊन बसलेली असायची. कशी गेली ते तिलाही कळायचं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी बांगड्या भरायला हात पुढं केलाय, त्यांना यातली मेख ठाऊक असेल. ढिला सोड म्हटलं की हात नेमका आखडतो. माझा तर फारच. पण खालांनी म्हटलं की सुटायचा.

आमचं गाव बालाघाटाच्या पायथ्याशी, येरमाळ्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. मुलूख तेव्हा निजामाचा. आम्ही मोगलाई म्हणायचो. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि आमचे हे मुलांच्या शाळेत. आमच्या खोलीला लागून खालांचं घर, भिंत दोघांत एकच. पिढीजात बांगड्यांचा धंदा असलेलं हे मनियाराचं घर. नवरा तरुणपणीच गेलेला, एक मुलगा हैदराबादला कामाला. खाला म्हणजे मावशी, आणि त्या सगळ्या गावाच्याच मावशी होत्या. गावभर हिरव्या-लाल काचा किणकिणायच्या त्या यांच्या हातच्या, आणि यांची स्वतःची मनगटं मात्र बोडकी.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत. लक्षात राहायची ती मापं. मी "सव्वादोन". तहसीलदारांच्या बेगम "अडीच". माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडं आल्या तेव्हा खालांनी त्यांचा हात दाबून बघितला आणि गंभीरपणे मला सांगितलं, "पावणेतीन हाईत, पर अडीच मागतील. तू काय बोलू नको." सासूबाईंनी खरंच अडीच मागितल्या. मी पदर तोंडाशी धरून आत पळाले.

हातावरून त्यांना माणूस कळायचं. "आज भांडून आलीस," असं त्या हात धरल्या धरल्या सांगायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मास्तरशी का पोरींशी?" मी म्हटलं, "दोघांशी." त्या म्हणाल्या, "तरीच. जा, पानी पिऊन ये. असल्या हातात कडं जाईल, काच न्हाय जायची."

आता तळ्याचं सांगते. गावामागच्या डोंगराच्या अगदी माथ्यावर एक तळं आहे. हिमालय बघून आलेले लोक आमच्या डोंगराला टेकाड म्हणतील, म्हणोत बापडे. आम्हाला त्याहून उंचावरचं पाणी ठाऊक नव्हतं. श्रावणात ढग त्या तळ्याच्या खालून जायचे, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तळ्याच्या काठावर धनगरांची दहाबारा घरं. मेंढरं आणि पोरं टाकून तिथल्या बायकांना बांगड्यांसाठी खाली उतरणं जमायचं नाही, म्हणून वर्षातून दोनदा, नागपंचमीच्या आणि संक्रांतीच्या आधी, खाला वर जायच्या. डोक्यावर टोपली, तिच्यात चिंध्यांत गुंडाळलेली काच, आणि तीन तासांचा चढ.

मी फार मागं लागले तेव्हा एका श्रावणात मला बरोबर नेलं. पहाटेचा नमाज झाल्यावर त्यांनी भिंतीवर थाप मारली. मी पायात बूट, हातात छत्री, खांद्याला पिशवी, पिशवीत दुर्बीणसुद्धा, शाळेची. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "शिकारीला चाललीस का गं?"

चढाचे त्यांनी तीन टप्पे केले होते, त्यांना त्या दम म्हणायच्या. पहिला दम चिंचेखाली, तिथं पाणी प्यायचं. दुसरा एका मोठ्या दगडापाशी, तिथं भाकरीचा तुकडा. तिसरा बिरोबाच्या शेंदरी दगडाजवळ, तिथं गूळ. बिरोबापुढं गुळाचा पहिला खडा ठेवायचा आणि मग आपण खायचा. दोन दमांच्या मधे बोलायला बंदी. मी शिक्षक असल्यानं मला ते फार जड गेलं.

दुसऱ्या दमाच्या अलीकडं माझे पाय संपले. छातीत धडधड, डोळ्यांपुढं काजवे. छत्री मी अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. खालांनी स्वतःचाच नियम मोडला आणि मागं वळून म्हणाल्या, "मूठ आवळून चढतीस म्हणून दम लागलाय. डोंगर काय पळून चाललाय व्हय? हात ढिला सोड." मी छत्री झुडपात ठेवून दिली. मुठी उघडल्या. सांगून खरं वाटणार नाही, पण श्वास जागेवर आला. छत्री परतताना सापडली नाही, ती गोष्ट वेगळी.

तळं आधी दिसत नाही. शेवटच्या खडकावर चढून मान वर काढली की एकदम डोळ्यांसमोर पाणीच. वारा लागून शहारत असलेलं, काळंनिळं. मी तिथंच बसून राहिले. खाला म्हणाल्या, "बघून झालं की ये," आणि पाण्याच्या कडेच्या एका चपट्या दगडावर जाऊन टोपली उघडून बसल्या.

वाडीतल्या बायका भराभरा जमल्या. तिथं एक रीत होती. बांगड्या भरायच्या आधी बाईनं दोन्ही हात तळ्यात बुडवायचे आणि वीस मोजायचे. मी विचारलं, "खाला, खाली तर तुम्ही साबण लावता."

"साबण खाली. वर पानी."

यापुढं स्पष्टीकरण नाही. मीही हात बुडवले. ते पाणी इतकं गार होतं की खांद्यापर्यंत सगळं आपोआप सैल पडलं. त्या दिवशी माझ्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या अशा गेल्या की मला पत्ता नाही. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. खाला उतरताना अभिमानानं म्हणाल्या, "तळ्यावर माझ्या हातनं अजून एक बी वाढली न्हाय. खाली शंभर वाढल्या असतील. वर न्हाय."

त्यानंतर मी चार वर्षं त्यांच्याबरोबर वर गेले. वाडीत साळू नावाची दहा-अकरा वर्षांची एक मुलगी होती. ती जन्मली तेव्हा तिच्या इवल्याशा हातात पाचव्या दिवशी काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या त्या खालांनीच. ती दरवेळी खालांच्या शेजारी बसून मापं लावायला बघायची, आणि खाला म्हणायच्या, "हिच्या लग्नाचा चुडा मी भरनार. तोवर मरत न्हाय."

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षी काय काय झालं ते आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, मी ते उगाळणार नाही. उन्हाळ्यात आम्ही दोघं भीतीनं हद्दीपलीकडं बार्शीला जाऊन राहिलो. जाताना खोलीची किल्ली खालांकडं दिली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि दिवाळीला आम्ही परत आलो, तेव्हा खोली झाडलेली होती, माठ भरलेला होता. भीती आता भिंतीच्या पलीकडं गेली होती. गल्लीतल्या त्यांच्या समाजाच्या निम्म्या घरांना कुलपं होती. खालांनी दार किलकिलं करून माझ्या हातात किल्ली ठेवली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर त्या बाहेर पडेनात. बांगड्या भरायला कुणाला बोलवेनात, कुणी जाईनाही. ज्यांची मापं त्यांना तोंडपाठ होती त्या बायका गल्ली टाळून पुढच्या वाटेनं जायच्या. मला त्यांचा राग यायचा. माझाही यायचा, कारण मी तरी रोज कुठं दार वाजवत होते?

मार्गशीर्षात एका बाजारच्या दिवशी साळूचा बाप खाली आला. घोंगडं पांघरून खालांच्या बंद दारापुढं उभा राहिला. मी माझ्या उंबऱ्यातून बघत होते.

"खाला, पोरीचं लगीन धरलंय. सोमवारी चुडा भराया या."

आतून आवाज आला, "येरमाळ्याचा कासार न्या. मी आता ते सोडलं."

"आई म्हनती, खाला आल्याबिगर हळद लावायची न्हाय." एवढं बोलून तो थांबलाही नाही, निघून गेला.

रविवारी संध्याकाळी मी दार वाजवलं. खाला टोपली पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "रस्त्याचं भ्या न्हाय गं मला. वर गेले आन् कुनी हात पुढं केला न्हाय तर?" मी म्हटलं, "तर आपण तळं बघून परत येऊ." त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

पहाटे भिंतीवर थाप पडली नाही, मीच मारली. आम्ही निघालो. नियमाप्रमाणं न बोलता. चिंचेखाली पाणी प्यालो, दगडापाशी भाकरी खाल्ली. पुढं माझ्या ध्यानात आलं की खालांचा एक हात टोपलीला आहे आणि दुसऱ्याची मूठ घट्ट आवळलेली आहे. त्यांना धाप लागली होती. ते वाक्य माझ्या ओठावर आलं होतं, पण ते म्हणणारी मी कोण? बिरोबापुढं गूळ ठेवताना खडा त्यांच्या हातून दोनदा पडला.

वर बायका जमलेल्या होत्या. हाका नाहीत, हसणं नाही; सगळ्याच अवघडलेल्या. साळूच्या आजीनं तेवढं "या" म्हटलं. खाला आपल्या दगडावर बसल्या. साळूनं तळ्यात हात बुडवून वीस मोजले आणि हात पुढं केला.

चार बांगड्या गेल्या. पाचवीला खालांचा अंगठा निसटला आणि बांगडी वाढली. नवरीच्या चुड्यातली. साळूच्या मनगटावर रक्ताची बारीक रेघ उमटली. कुठंतरी लांब कुणी मेंढरं हाकत होतं, तेवढाच आवाज.

खालांनी काचा एकेक वेचल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून टोपलीत टाकल्या आणि वर फडकं झाकलं. "माझा हात ऱ्हायला न्हाय आता. कासार आना. अजून दिस हाय." असं म्हणून त्या उठायला लागल्या.

साळूनं हात मागं घेतलाच नव्हता. त्याच हातानं तिनं खालांचं बोडकं मनगट धरलं, त्यांना खाली बसवलं आणि त्यांचा हात आपल्या हातासकट पाण्यात नेला. दोघींचे हात कोपरापर्यंत पाण्यात. ती मोठ्यानं मोजत होती. वीस झाल्यावर म्हणाली, "हात ढिला सोडा, खाला. बाकी माझ्यावर."

आजी मागून म्हणाली, "भरा की वं आता. पोरगी गारठायलीय."

मी तळ्याकडं तोंड फिरवलं, कारण मला रडू आवरेना. पाठीमागं काचेवर काच वाजल्याचा आवाज येत राहिला, एकामागून एक. पुन्हा एकही वाढली नाही. चुडा पुरा झाल्यावर साळूनं रीतीप्रमाणं खालांच्या पायांवर डोकं ठेवलं. खालांनी ओठांतल्या ओठांत बराच वेळ दुआ मागितली. मग बाकीच्या बायकांनी हात बुडवायला घाई केली आणि वाडीचा नेहमीचा गलका सुरू झाला.

उतरताना खाला तिन्ही दमांच्या मधे अखंड बोलत होत्या. साळूचं माप आईवर गेलंय, नवरा बरा निघाला पाहिजे, मास्तरांना सांग यंदा छत्री घेऊन देऊ नका. मोकळा हात पोरीसारखा हलवत चालत होत्या.

पुढच्या वर्षी मुलगा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला. मोटारीच्या टपावर सामान चढलं, पण बांगड्यांची टोपली त्यांनी मांडीवर घेतली. खिडकीतून माझा हात धरून बोटांची मुळं दाबली आणि म्हणाल्या, "सव्वादोनच हाईस अजून. खात जा."

तीन वर्षांनी मुलाचं कार्ड आलं, उर्दूत. आमच्या यांनी ते वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या. खाला त्या उन्हाळ्यात गेल्या होत्या.

खाला मुलाकडं गेल्यात एवढंच वाडीला ठाऊक होतं, हे सांगायला हवं होतं. नागपंचमीच्या आधी मी एकटी वर निघाले. चिंचेखाली पाणी प्याले, दगडापाशी भाकरी खाल्ली, बिरोबापुढं गूळ ठेवला. खडकावरून मान वर काढली, तर तळ्याकाठी बायका जमलेल्या आणि येरमाळ्याचा कासार बांगड्यांच्या माळा सोडत होता. तो त्या चपट्या दगडावर टेकणार, एवढ्यात साळू म्हणाली, "तितं नका बसू मामा. ती खालाची जागा हाय." साळू माहेराला आली होती, कडेवर वर्षाची मुलगी होती.

कासार दुसऱ्या दगडावर सरकला आणि म्हणाला, "त्या कवा यायच्या?"

मुलीचे इवलेसे हात पाण्यात बुडवता बुडवता, मान वरही न करता साळू म्हणाली, "येतील की. चढ हाय. दम खात खात येतील."

मला बघून तिनं शेजारी जागा केली. कार्ड माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं नाही. तिच्याजवळ बसले, दोन्ही हात तळ्यात बुडवले आणि ढिले सोडले.