टपावरचा दिवा आणि तेलाचा हात

जायचं मनात नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. मे महिन्यात पेण-रोह्याकडे हौसेने कोणी जात नाही, आणि माझी कंबर तर जानेवारीपासून संपावर आहे. पण जनार्दनकाकांचा फोन आला. "ताय, फोकस फिरत नाय. मोठ्या उधाणाच्या आधी येऊन बघ. पेनला दुरुस्तीवाले हायेत, पन मला तूच पायजेस." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तूच का, ते सांगितलं नाही.

नव्या वाचकांसाठी सांगते. पुण्याजवळ माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान आहे. कामाच्या आणि रानावनात फिरणाऱ्या गाड्यांच्या टपावर रिमोटने फिरणारे सर्चलाइट बसवणं, हे त्यातलं माझं आवडतं काम. केबिनमध्ये बसून बटण दाबायचं आणि वरचा दिवा हवा तिकडे वळवायचा. ब्लॉगवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "हे टिकतात किती?" खोक्यावर छापलेलं उत्तर मला पटत नाही. तीन वर्षांपूर्वी मी रायगडात एकाच मालातले तीन दिवे बसवले होते. एक पेणजवळ काकांच्या पिकअपवर, एक महामार्गावरच्या खांब गावात सलीमच्या क्रेनवर आणि एक रोह्याच्या सरांच्या जीपवर. म्हटलं, कंबर मोडायचीच आहे तर तिन्ही बघूनच मोडू.

पहाटे साडेपाचला निघाले. खोपोलीपर्यंत जुना रस्ता, तिथे घाटाखाली चहा आणि वडा, पन्नास रुपयांत पोट गप्प. खोपोली-पेण रस्ता बराच बरा आहे, पण डंपर इतके की त्यांच्या मागची सुविचारांची पाटी पाठ होते. नऊलाच ऊन असं की स्टीअरिंगला हात लावावासा वाटेना. पेणमध्ये पोह्याचे पापड घ्यायचे असतील तर जातानाच घ्या, येताना दुकानात शिरायचं त्राण राहत नाही. अनुभवाचे बोल आहेत.

काकांचं गाव पेणच्या खाली, धरमतरच्या खाडीला लागून. शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली, मध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला की त्याला हे लोक खांड पडली म्हणतात, आणि खांड पडली की अख्खं गाव मातीच्या गोणी घेऊन धावतं. ओहोटीच्या चार तासांत ती बुजली नाही तर खारं पाणी शेतात येतं आणि दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. ओहोटी दिवसरात्र बघून येत नाही, म्हणून गावाने वर्गणी काढून काकांच्या पिकअपवर दिवा बसवला होता. एरवी ही पिकअप हमरापूरहून गणपती पोचवते.

काका ओटीवरच बसले होते. पासष्टीचा माणूस, पण गेल्या वेळेपेक्षा बराच वाकलेला. त्याच ओटीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा धाकटा भाऊ दत्ता, एक पाय खुर्चीवर लांब ठेवून सुपात वाल निवडत होता. मी दोघांनाही रामराम केला. दत्ताने नुसती मान हलवली.

पिकअपच्या टपावर चढल्यावर काकांनी हळू आवाजात सांगितलं. गेल्या श्रावणात रात्री खांड पडली. काका केबिनमध्ये दिवा सांभाळत होते, दत्ता खाली गोणी लावत होता. दिवा ऐन वेळी खाडीच्या बाजूला तोंड करून अडकला. बांधावर काळोख झाला, दत्ताचा पाय दगडांत गेला आणि दोन ठिकाणी मोडला.

"तवापासून बोलत नाय माझ्याशी," काका म्हणाले. "म्हनतो, गावानं एक वस्तू हवाली केली ती याला सांभालता नाय आली. माझ्या घरात पाय ठेवीत नाय. भिंत एक, ओटी एक, पन नाय." मग टपाची कडा घट्ट धरून म्हणाले, "ताय, तू बसवलीस, तुलाच कलंल. उघड नि सांग. माझी चूक झाली का?"

म्हणजे मला दिवा दुरुस्त करायला बोलावलं नव्हतंच. न्यायनिवाड्याला बोलावलं होतं.

उघडला. आत पाणी शिरून मोटर गंजलेली, आणि बुडाची रबरी रिंग खाचेतून बाहेर येऊन मुडपलेली. रिंग सुटली की पाणी आत जाणारच. पण ती का सुटली? कोणी दिवा उघडला नव्हता, आदळला नव्हता. मला कळेना. ऊन डोक्यात शिरलं होतं, पाठ ओरडत होती. मी म्हटलं, "काका, वस्तू जुनी होतेच हो."

"तीन वर्सांत?"

मी अवजारांच्या पिशवीत वाकले. ओटीवरून सुपाचा आवाज येत होता, म्हणजे दत्ताला सगळं ऐकू जात होतं. मी जवळची नवी मोटर आणि नवी रिंग बसवली. दिवा गर्रकन फिरला. काकांनी लगेच डबा आणला आणि फडक्याने दिव्याच्या बुडाला काळजीने तेल चोळलं. मीही मान डोलावली.

जेवल्याशिवाय काकूंनी सोडलं नाही. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि वालाचं बिरडं. "मंगल, अजून घे गो, तोंड बघ कसं उतरलंय," असं म्हणत त्यांनी तिसरी भाकरी वाढली. तेवढ्यात त्यांनी दुसरं ताट भरून दत्ताकडे नेऊन ठेवलं आणि परत आल्या. ज्या माणसाने एवढ्या आशेने बोलावलं त्याला मी 'जुनं झालं' म्हणून वाटेला लावलं होतं.

वडखळ, नागोठणे, आणि मग तो महामार्ग. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, सगळ्यांनी लिहून झालं आहे. एवढंच सांगते की टपावर दिवा लावून या रस्त्याने जाणार असाल तर दर महिन्याला नटबोल्ट आवळा. कंबरेला मात्र आवळायला काही नसतं.

खांबला सलीम चहाच्या टपरीवर भेटला. बंद पडलेल्या गाड्या ओढणारी त्याची क्रेन. तिच्यावरचा दिवा बघून मला शिसारी आली. काचेवर पिवळट थर, बुडाशी कावळ्याची शिट वाळून दगड झालेली, झाडाच्या फांदीने एका बाजूला पोचा पाडलेला. सलीमने बटण दाबलं. दिवा निमूटपणे पूर्ण फिरला. उलटा फिरला. वर-खाली झाला.

"पाऊस? चिखल?"

"रोजचाच हाय, मॅडम."

"तेल लावतोस ना रे बुडाला? मी सांगितलं होतं."

सलीम ओशाळला. "सांगितलं व्हतं. पन खरं सांगू? एकदापन नाय लावलं. टाइम कुनाला हाय?"

मी त्याला तिथेच झाडला. एवढी महागाची वस्तू, जरा माया करायला काय जातं, वगैरे. त्याने मुकाट ऐकून घेतलं आणि माझ्या चहाचे पैसे दिले. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

कोलाडवरून रोह्याला पोचेपर्यंत पाच वाजले. सर निवृत्त विज्ञान शिक्षक. घरची जमीन होती, आता राहिली आहे ती थोडी बाग आणि ही जीप. कुंडलिकेला पूर आला की अडकलेल्यांना काढायला सर आणि त्यांचे मित्र जीप घेऊन जातात. जीप अशी चकचकीत की तीत बघून भांग पाडावा. दिवाही चकचकीत. आणि ठार बंद.

उघडला तर आत तेच. पाणी, गंज, मुडपलेली रिंग.

"काळजीत कसूर नाही हं," सर म्हणाले. "दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेल. तुम्ही सांगितलं होतंत तसं."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. लाडाचे दोन दिवे मेले होते आणि कावळ्याने घाण केलेला जिवंत होता. मी घाटावरची. काकांचा दिवा बसवायला पहिल्यांदा पेणला आले तेव्हा तिथल्या गॅरेजात बघितलं होतं, पावसाआधी गाड्यांच्या बुडाला जळकं ऑइल आणि डिझेल मारतात. खारी हवा लोखंड खाते, त्यावर हा इकडचा जुना उपाय, आणि लोखंडाला तो चांगलाच. मला वाटलं, दिव्यालाही चांगला. म्हणून तिघांनाही ऐटीत सांगून गेले होते, बुडाला तेलाचा हात देत जा. रबराचा विचार केला नव्हता.

सरांना सांगितलं तर ते रागावायच्या ऐवजी खूश झाले. शिक्षक तो शिक्षकच. "अंदाज नको, करून बघू." माझ्याकडच्या सुट्या रिंगा घेतल्या, एक वाटीभर पाण्यात, एक त्यांच्या तेलाच्या डब्यातल्या तेलात. वाट्यांवर बशा झाकून फडताळात ठेवल्या, विरजण लावावं तशा. मी एसटी स्टँडजवळच्या लॉजवर गेले. नऊशे रुपये, पंखा आवाज करतो, चादर स्वच्छ. झोप काही आली नाही.

सकाळी पाण्यातली रिंग होती तशी. तेलातली फुगून मऊ पडली होती, आणि खाचेत बसवली तर बोटभर जास्त, बाहेरच येत होती. सर म्हणाले, "सिद्ध झालं." मला ढसढसा रडावंसं वाटलं. त्यांच्या दिव्याचे भाग पुण्याहून पाठवते असं मी म्हणाले, तर सर म्हणतात, "सावकाश पाठवा, पण पेणला आधी जा."

माझा बेत कोलाडवरून ताम्हिणी घाटातून सावलीसावलीने घरी जायचा होता. पेण म्हणजे पुन्हा तोच महामार्ग, तेच ऊन. फोन करून सांगता आलं असतं, आणि गाडीत बसून मी नंबर लावलाही होता. पण काकांना सांगून काय उपयोग? ज्याला सांगायला हवं होतं तो माझा फोन कशाला घेईल? आणि नव्या रिंगेवर काल माझ्यासमोरच तेल चोळलं गेलं होतं. गाडी पेणच्या दिशेला वळवली. रागाने वळवली, हेही लिहून ठेवते.

ओटीवर दोघे आपापल्या टोकाला होते. मी काकांच्या बाजूला न जाता सरळ दत्तासमोर उभी राहिले आणि दोन्ही रिंगा त्याच्या सुपात ठेवल्या. "ही रात्रभर पाण्यात होती. ही तेलात. तेलाने रबर फुगतं, फुगलं की सुटतं, मग पाणी आत जातं. तेल लावायला मी सांगितलं होतं. काकांनी ते एकदाही चुकवलं नाही, म्हणून दिवा बंद पडला. त्यांनी हयगय केली असती तर तो चालला असता. तुमचा पाय माझ्यामुळे मोडला."

दत्ताने दोन्ही रिंगा बोटांत धरून ताणून बघितल्या. मग पुन्हा सुपात ठेवल्या.

बोलल्या त्या दारातून काकू. "मंग आधी नाय कलायचं गो तुला? वरीस गेलं आमचं. एका भिंतीला दोन घरं लागली."

"चुकले, काकू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ती आली ना सांगाला," काका म्हणाले. "कोन येतं?" पण ते बोलतानाही त्यांची नजर ओटीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिकडे सुपात वाल खुळखुळत होते.

मी साबणाच्या पाण्याने दिव्याचं बूड पुसून काढलं आणि उरलेली शेवटची रिंग बसवली. काका शिडी धरून उभे होते. निघताना दत्ता खुर्चीवर नव्हता, आत गेला होता. खोपोलीपर्यंत मी गाणी लावली नाहीत.

तर टिकतात किती? तुमच्यासाठी म्हणून लिहिते. दिवा बरा असेल तर किनाऱ्यावरही तीन-चार पावसाळे सहज काढतो. बोल्ट स्टेनलेसचे घ्या, वायर आत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, आणि धुण्याच्या मशीनचा फवारा बुडाशी मारू नका. काच पिवळी पडली तर पडू दे. आणि तेल, ग्रीस, डिझेल, काही म्हणजे काही लावू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि सोडून द्या. किनाऱ्याकडच्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी गेल्या महिन्यात एकेक करून फोन केले. निम्म्यांनी सांगितलं, तुम्हीच तर सांगितलं होतं. उरलेले बिचारे आळशी निघाले, देवाची कृपा.

काकांना फोन करायचा धीर मात्र होत नव्हता. आषाढातलं मोठं उधाण होऊन गेल्यावर दोन दिवसांनी केला, दुपारी, जेवणाच्या वेळेला. बराच वेळ वाजला. मग कोणीतरी उचलला आणि एक अनोळखी आवाज म्हणाला, "कोन?"

"मी मंगल, पुण्याहून, लाइटवाली. काका आहेत का?"

"दादा हात धुतोय. पानं वाढलीत आमची," आवाज म्हणाला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि काकू काहीतरी ओरडून सांगत होत्या. "मी दत्ता. फोकस चांगला फिरला. बोल गो."