रोहिणखेडच्या उतारावरचे खडूचे गोल

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा स्केटबोर्ड चिखलीच्या घरात पलंगाखाली राहिला. बायको त्याआधीच वारली होती. घरात मी एकटा. शाळेत चित्रकला शिकवायची, घरी येऊन कुकर लावायचा, टीव्ही बघत जेवायचं. त्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीची मुलगी रोहिणखेडहून राहायला आली. झाडताना तिने तो बोर्ड ओढून बाहेर काढला आणि विचारलं, "मामा, हे चालते का अजून?"

ते चाललं. उन्हाळा संपला तरी ती दर रविवारी एस.टी.ने येत राहिली आणि पुढची काही वर्षं माझे रविवार त्यावरच गेले.

तिला आवडला तो स्लॅलमचा प्रकार. उताराच्या रस्त्यावर ओळीने प्लास्टिकचे छोटे शंकू, म्हणजे कोन, मांडतात आणि बोर्डवर उभं राहून त्यांच्यामधून नागमोडी वळत खाली यायचं. कोनाला धक्का लागून तो जागेवरून हलला की वेळेत दंड चढतो. मी काही तिचा प्रशिक्षक नव्हतो. मी कोन मांडणारा माणूस. ती खाली गेली की पडलेले कोन उचलून परत जागेवर ठेवायचो. जागा चुकू नये म्हणून प्रत्येक कोनाभोवती रस्त्यावर खडूने गोल काढलेला असतो. खडू माझ्या हातात नेहमीचाच. गोल चांगले यायचे.

आपल्याकडे हा खेळ अजून रांगतोय. खेळणारे जवळजवळ सगळे एकमेकांना ओळखतात. स्पर्धा भरवली म्हणून ती क्रमवारीत धरली जातेच असं नाही. खेळाडू किती आले, किती राज्यांतून आले, वेळ मशीनने घेतली की हातातल्या घड्याळावर, दोन्ही फेऱ्या एकाच आखणीवर झाल्या का, हे सगळं बघून स्पर्धेला दर्जा देतात. दर्जा मिळाला तरच खेळाडूंना गुण मिळतात. त्या वर्षी परदेशी जाणाऱ्या संघात भाचीला जागा मिळण्यासारखी होती, फक्त दर्जा असलेली एक स्पर्धा कमी पडत होती. बाकीच्या स्पर्धा लांब होत्या आणि तिचे वडील तिला तितक्या लांब पाठवायला तयार नव्हते. मग मी ठरवलं, स्पर्धाच तिच्या गावात आणायची.

रोहिणखेडच्या कडेला, बहिणीच्या घरासमोरून, नवा डांबरी रस्ता झाला होता. उतार हलका, डांबर गुळगुळीत. गावातल्या माणसांनी एकच अट घातली, नव्या रस्त्यावर रंग लावायचा नाही. मी शब्द दिला. खरं तर जाणकार लोक खडूच्या गोलाशेजारी रंगाचा ठिपका देतात, खडू पुसला तरी जागा राहावी म्हणून. हे मला माहीत होतं.

खेळाडू आले. कोणी बंगळुरूहून, कोणी चंदीगडहून, मलकापूरला रेल्वेतून उतरून जीपमध्ये दाटीवाटीने बसून. शाळेच्या खोल्यांत त्यांची झोपायची सोय केली. जेवण बहिणीकडे होतं, भाकरी, ठेचा आणि त्यांच्याच वावरातली वांगी. पहिल्या दिवशी सकाळी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं होतं. लोकांनी कुरकुर न करता ते भरून नेलं, पण त्यात दुपार झाली. पहिली फेरी संपता संपता उजेड गेला. दुसरी फेरी उद्या सकाळी, असं मी जाहीर केलं. कोन उचलले. गोल तर रस्त्यावर होतेच.

सकाळी जाऊन बघतो तर रस्ता ओला, काळाभोर, लखलखीत. कडेने रांगोळ्या, मधूनमधून झेंडूची फुलं. रस्त्याच्या वरच्या टोकाला बहीण रिकामी बादली घेऊन उभी होती.

"दादा, पाहुणे एवढ्या दुरून आले," ती म्हणाली, "रस्ता काय तसाच धुळकट ठेवाचा? साऱ्या बायाले उठोलं मी. खराट्यानं घासून काढला." मग माझ्या तोंडाकडे बघून, "काऊन, चांगलं नाही झालं का?"

"लय चांगलं झालं," मी म्हणालो.

बंगळुरूचा एक मुलगा रांगोळी बघून म्हणाला, "अंकल, इतना वेलकम तो हमें घर में भी नहीं मिलता." सगळे हसले. मीही हसलो.

कोनांमधली अंतरं सारखी नसतात. मी ती उतारावर उभा राहून, पावलांनी आणि नजरेने ठरवली होती. कुठे लिहिली नव्हती. मोबाइलमधले आदल्या दिवसाचे फोटो बघून आम्ही कोन पुन्हा मांडले. जवळपास तसेच. कोणी तक्रार केली नाही, पण तंतोतंत तसेच आहेत असंही कोणी म्हणालं नाही. त्या फेरीत भाची जशी आली तशी मी तिला कधी पाहिली नव्हती. एकही कोन हलला नाही. खाली पोचल्यावर तिने वर बघून हात केला, मला.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत फोन आला. दर्जा ठरवणारे गृहस्थ होते, बोलायला सज्जन. त्यांनी सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, "कोर्स दोनों दिन वही था ना?"

तो 'ना' त्यांनी माझ्यासाठी ठेवलेली वाट होती. मी म्हणालो, "नहीं. निशान मिट गए थे. अंदाज़े से लगाया."

"आपने बता दिया," ते म्हणाले, "अब मैं क्या करूँ?"

स्पर्धा मैत्रीपूर्ण म्हणून नोंदली गेली. गुण कोणालाच मिळाले नाहीत. संघ भाचीशिवाय गेला.

मी खरं बोललो याचा मला अभिमान वाटला असता तर बरं झालं असतं. पण तो क्षण मी पुन्हा पुन्हा आठवतो तेव्हा वाटतं, त्या अनोळखी माणसाला मी प्रामाणिक वाटावं, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. पोरीचा चेहरा समोर आला नव्हता. तो फोन ठेवल्यावर आला.

बहिणीचा फोन आला. "कसं काय झालं दादा? रस्ता तर किती साफ होता."

"नियम असतात," मी म्हणालो. बादलीचं नाव काढलं नाही.

भाची रविवारी येईनाशी झाली. "मामा, अभ्यास हाय." नंतर तेही नाही. मी कोनांची पिशवी घेऊन एकदा-दोनदा नेहमीच्या उतारावर गेलो, कोन मांडले, थोडा वेळ बसलो आणि उचलून आणले. जाणारे-येणारे बघत होते. बोर्ड पुन्हा पलंगाखाली गेला.

भाऊबीजेला रोहिणखेडला गेलो. ओवाळून झाल्यावर बहीण शेजारणीला सांगत होती, "त्या टायमाले आमी रस्ता असा धुतला होता का पाहुणे पाहातच राह्यले." माझी नजर ताटात होती. भाचीने मला न विचारता ताटात अजून एक करंजी वाढली.

निघताना ती वरच्या टोकाच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत तोच उतार लागला. मी म्हणालो, "त्या दिवशीचे गोल..."

"मले माहीत हाय, मामा. आईले बादली घेऊन जाताना मी पाह्यलं होतं. मले वाटलं अंगणासाठी घेऊन राह्यली."

"तिला सांगितलंस?"

"नाही. तुमी बी नाही सांगतलं." ती थोडं चालली. "मी त्याच्यासाठी नाही रुसली."

"मग?"

"फोन आला तवा तुमी मले इचारलं नाही. खेळली मी होती. मी बी खरंच सांगतलं असतं. पण मले सांगू द्याले पायजे होतं."

एस.टी. आली. तिने माझी पिशवी आत दिली, पायरीजवळ थोडी उभी राहिली आणि मग घराकडे वळली. मी खिडकीतून बघत होतो. उतारावरून ती चालत खाली गेली, कडेकडेने, आणि एकदाही वर बघितलं नाही.