मजीदच्या ट्रकचा मुलामा

हे मी कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. आज तुम्हाला का सांगतोय? — ते मलाही नीट कळत नाही.

चामोर्शीत काकांच्या साबणाच्या कारखान्यात मी कामाला होतो. माझा दोस्त मजीद पत्र्याचे डबे, कंदील जोडायचा. त्याचे अब्बा आलापल्लीहून सागवान वाहणारा ट्रक चालवायचे; लकव्यानं अंथरुणाला खिळले होते. मजीदच्या मामानं मुंबईहून प्लास्टिकचा छोटा ट्रक आणला, सुटे भाग जोडून करायचा. त्याचे बंपर, दिवे आरशासारखे चकाकत. मजीदला तेच नको होतं. अब्बांचा ट्रक कुठं चकाकत होता — मळका, गंजलेला. तसा केला तर अब्बा ओळखतील, हसतील, असं तो म्हणायचा.

साबणात घालतात त्या जळजळीत कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियमचा चमचा फसफसून विरतो, हे मी पाहिलं होतं. ट्रकवरचा हा चकचकीत मुलामाही तसाच जाईल, वाटलं. पण काका त्यांना विचारल्याशिवाय कॉस्टिकला कुणाला हात लावू देत नसत. मी चोरून पुडी आणली, वाटीभर पाण्यात कालवली.

मजीदनं विचारलं, "हे काय व्हय?"

"कपडे धुवाचा सोडा."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? काकांच्या कानावर गेलं असतं — एवढंच. एवढ्याचीच मला भीती होती.

मुलामा निघाला. बंपर राखाडी झाले. मजीद खूश होऊन वाटीवर वाकला, चिमट्यातून भाग निसटला, आणि पाणी त्याच्या डाव्या डोळ्यात उडालं.

काय करायचं ते मला ठाऊक होतं. कारखान्यात कुणाला असं झालं की आम्ही बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचो. मी एक तांब्या ओतला — आणि थांबलो. धुण्याच्या सोड्यासाठी याहून जास्त कोण करतं? खोटं उघडं पडलं असतं ना.

बैलगाडीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काय गेलं? मजीद कण्हत म्हणाला, धुवाचा सोडा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.

डोळा गेला. तो ट्रक अब्बांनी कधी हातातही घेतला नाही.

मजीद आता नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला पाहुण्यांपुढं उभं केलं होतं. म्हणाला, "यानंच मले दवाखान्यात नेलं. हा नसता तर दुसराबी डोळा गेला असता."

लोक कौतुकानं पाहत होते. मी हात जोडले. मग जेवायला बसलो — आणि पोटभर जेवलो.