चानीनं नाकारलेली नानकटाई

समस्त उमरगेकरांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या परसातल्या चार चान्या, बुलबुलाची एक जोडी आणि लिंबावरचा एक आगाऊ सरडा यांना गेल्या तीन आठवड्यांपासून कुणी वाली उरलेला नाही. चानी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी खार समजावं. सदर जिवांनी माझ्याकडे अद्याप कसलाही अर्ज केलेला नाही आणि करतील असं वाटतही नाही. मी त्यांना कधीच आवडलो नाही.

त्यांची मालकीण म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. जेवून पडवीत आडवी झाली ती पुन्हा उठली नाही. कचेरीत शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा मी एका मसुद्यावर सही करत होतो. सही पूर्ण केली, टोपी घातली... आणि रस्ताभर एकच विचार डोक्यात होता, की ही बाई जातानासुद्धा मला न विचारता गेली.

मला तिचा हेवा वाटायचा. आता लपवून काय उपयोग? आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो, अक्का अकराची. दोन वर्षं तिनं मला कडेवर वागवलं आणि मग जळकोटच्या लोकांनी लग्न करून तिला नेलं. माझं जळकोटशी तेव्हापासून जमत नाही. पुढं नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, आणि ती आमच्याकडे परत आली. लगेच निजामाचं राज्य गेलं. मग हैदराबाद राज्य गेलं, मुंबई राज्य आलं नि तेही गेलं. कचेरीवरची पाटी इतक्यांदा रंगवली की रंगारी ओळखीचा झाला. आमच्या घरातलं राज्य मात्र तेव्हापासून अक्काचंच.

कचेरीतली उर्दू गेली तेव्हा मी पुरता अडकलो. माझी सगळी शाळा उर्दूतली. मराठी बोलायचो फर्डी, वाचायचो मात्र खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी. अक्का शाळेत कधी गेली नव्हती. वडिलांच्या मांडीवर बसून पोथ्या वाचून शिकलेली. तीन महिने रोज सकाळी परसात पाटावर बसवून तिनं मला शिकवलं. चुकलो की म्हणायची, "हाकिमासमोर असं वाचलास तर तो रडंल रं." पोरं अजून झालेली नव्हती, चान्यांना तिनं अजून दाणे घालायला सुरुवात केली नव्हती. अव्वल कारकुनानं सांगू नये, पण ते तीन महिने लई मजेत गेले.

मग कुसुम झाली, बाळू झाला आणि माझं आसन गेलं. पुण्याहून मुलांचं एक मासिक टपालानं यायचं. वर्गणी माझी, वेष्टनावर नाव माझं, पण अंक आला की पोरं तो घेऊन परसात पळायची. अक्का वाचायला लागली की बोलका पोपट वेगळ्या आवाजात बोलायचा, राक्षस वेगळ्या. एका रविवारी मी अंक आधीच बळकावला आणि मोठ्यानं सुरुवात केली. अर्ध्या पानावर कुसुम म्हणाली, "अप्पा, तुमी अडखळता. आत्याला द्या."

"वाचू दे गं त्याला," अक्का म्हणाली, "शिकतोय तो अजून."

ही दया मला चपराकीपेक्षा जास्त लागली.

पण खरी लढाई झाली नानकटाईवर. शेजारच्या जैनबखालांनी, म्हणजे जैनबमावशींनी, अक्काला ती शिकवलेली. पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर नानकटाईचं ताट ठेवायचं, वर जड झाकण आणि झाकणावर निखारे. वास सुटला की गल्लीतली माणसं उगीचच आमच्या दारावरून जायला लागायची. पहिली नानकटाई परसाच्या भिंतीवर चानीसाठी ठेवायची, असा अक्काचा रिवाज. चानीनं दोन्ही हातांत धरून कुरतडायला सुरुवात केली की मगच पोरांनी खायची.

अक्का एका लग्नाला चार दिवस जळकोटला गेली. पुन्हा जळकोट! मी ठरवलं, पोरं जिंकायची तर आत्ताच. रविवारी सदरा काढून चुलीपुढं बसलो. बायको म्हणाली, "वन्सं तूप हातानं फेसून घेतात." मी म्हटलं, वितळवून घातलं तरी तूपच की. वर धीर धरवेना, म्हणून दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघत राहिलो. प्रत्येक वेळी वरची राख आत. शेवटी ताटात नानकटाया नव्हत्याच. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून ताटाएवढी एकच करडी भाकर झाली होती.

तरी मी तिचा तुकडा मोडून थाटात भिंतीवर ठेवला. चानी आली. वास घेतला. तुकड्याकडे पाठ करून बसली, दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि निघून गेली.

"चानीनं न्हाय खाल्ली," बाळू म्हणाला. "आपण बी न्हाय."

अक्का परतली ती बुधवारी. पोरांनी वेशीवरच सगळं सांगितलेलं. तिनं डबा उघडला, राखेसकट एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. "करपलीय जरा," ती म्हणाली, "पर चव हाय." लगेच पोरांनी डबा फस्त केला. म्हणजे माझी नानकटाईसुद्धा पोरांनी खाल्ली ती तिच्या शब्दावर. त्या दिवशी मी जेवलो नाही. अक्का ताट घेऊन येऊन बसली, "उपाशी राहून कुणाला भिववतोस रं?" म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही... आज वाटतं, बघायला हवं होतं.

ती गेल्यावर आठवडाभर माणसं भेटायला येत होती. जो येई तो पोरांना जवळ घेई. मास्तर म्हणाले, लेकरांचं छत्र गेलं. जळकोटकर म्हणाले, लेकरं पोरकी झाली. बायकोनं पोरांना दूध दिलं. माझ्याकडे कुणी बघेना. जैनबखालांनी दोघांना पोटाशी धरलं आणि मला म्हणाल्या, "बेटा, बच्चों को जरा पानी लाव."

मी पाणी आणलं. तांब्या हातात धरून उभा राहिलो. कुसुम हुंदके देत एकच घोकत होती, माझी आत्या, माझी आत्या. बैठकीत पंधरावीस माणसं होती, त्यात माझे साहेबही होते. आणि त्रेचाळीस वर्षांचा मी, सगळ्यांदेखत त्या पोरीला म्हणालो,

"तुझी नंतर गं. आधी माझी होती ती."