व्याह्यांचं पोटॅशियम

आमच्या व्याह्यांना माणूस दिसतच नाही, माणसाच्या आत काय चाललंय तेवढंच दिसतं. कॉलेजात शरीराचं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. पोरीच्या पाठवणीला मी रडत होतो, तर हे शेजारी उभं राहून अश्रू खारट का असतात ते सांगत होते. जेवायला बसले की घास गिळू द्यायचे नाहीत. चावत राहा, म्हणायचे, लाळेनं पिठाची साखर होते, भाकरी गोड लागेल. मी चावली. लागली गोड. पण कबूल कोण करतो? म्हटलं, "आमची बाजरी मुळातच गोड आहे." मी चौथी शिकलेला, पण चाळीस वर्षं द्राक्षबाग केली, मण्यात साखर भरली का, हे नुसतं हात लावून सांगतो. मला कोणी साखर शिकवावी, हे मानवायचं नाही.

मग आमच्या हिच्या, बायकोच्या, किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि व्याह्यांनी नाशकातल्या आमच्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. केळी बंद, टोमॅटो बंद, बटाटे चिरून पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. आजारी माणसाला भेटायला येणारा शहाळं आणतोच, रीतच आहे आपली. हे मात्र दारामागे कोयता ठेवून बसायचे. शहाळं काढून घ्यायचे, फोडायचे आणि आणणाऱ्यालाच पाजायचे. माझी बहीण तर अर्धं पिऊन रुसून गेली. मी खवळलो की तेच सांगायचे: शहाळ्यात पोटॅशियम लय, किडनी ते बाहेर टाकत नाही, रक्तात साठलं की हृदय थांबतं. "विहीणबाईंना तहान लागली तर बर्फाचा खडा द्या, व्याही. हे नाही."

जन्मभर माझ्या घरात राबलेल्या बाईला मी बर्फ चघळायला देऊ?

एका रविवारी व्याही गावाला गेले होते. ही म्हणाली, "अहो, घोटभर शहाळं द्या की." द्वारका चौकातून दोन आणली, दोन्ही पाजली. फार दिवसांनी तिला बरं वाटलं. दुपारनंतर हातापायातलं बळ गेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

व्याही गावाहून थेट घरी आले. मोरीपाशी पडलेली शहाळी त्यांनी पाहिली, मुकाट्यानं पिशवीत भरली आणि कुठंतरी टाकून आले. पोरांना आजही माहीत नाही.

दहावं झाल्यावर दोघंच ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "आत काय झालं असेल हो? नीट सांगा. आज ऐकतो मी."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले,

"काही नाही, व्याही. वय झालं होतं त्यांचं."

मी मान हलवली. त्यांचं एवढं एकच म्हणणं मी वाद न घालता मान्य केलं.