महादरवाजातला कुशाबा

दत्ताराम घाडीला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी व्हिडिओ गेमचा नाद लागला, आणि तो लावला खुद्द त्याच्या लेकीने. हसू नका. माणूस सरळ होता. लालबागच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर उभा जन्म काढलेला, गिरणीच्या साचाखात्यात कापड विणता विणता कान अर्धे बधिर करून घेतलेला. बायको चंपा चार वर्षांपूर्वी गेली. घरात तो आणि कालिंदी, दोघंच.

दोन हजार दहाच्या सुरुवातीला त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, पण डाव्या हाताची बोटं रुसून बसली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, आणि एक रबरी चेंडू दिला. दत्तारामने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी गॅलरीतल्या मांजराला फेकून मारला. मांजर वाचलं, चेंडू गेला.

कालिंदी परळच्या एका काचेच्या टॉवरमध्ये नोकरीला होती. तिथे नवे गेम बाजारात येण्याआधी खेळून बघायचे आणि त्यातल्या चुका लिहून द्यायच्या, हे तिचं काम. होय, त्याचा पगार मिळतो! टॉवर उभा होता तो दत्तारामच्याच गिरणीच्या जमिनीवर, पण त्यावर बापलेक कधी बोलत नसत. ऑफिसातून बाद झालेला एक कन्सोल तिने घरी आणला, टीव्हीला जोडला आणि बापाच्या हातात रिमोटसारखं ते बटणांचं खोकं ठेवलं. "बाबा, चेंडू नको ना? मग हे दाबा."

पहिला खेळ होता एका तलवारवाल्या तरुणाचा. आपण तो तरुण व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं, मोठं व्हायचं. दत्ताराम पहिल्याच गावात अडकला. खेळाची रीत अशी की कोणाच्याही घरात न विचारता शिरायचं, मडकी फोडायची आणि सापडेल ते खिशात घालायचं.

"कालिंदे, हा नायक की चोर गो?"

"बाबा, तसंच असतं. घ्या तुम्ही, कोणी काही बोलत नाही."

"कोणी बोलत नाय म्हणून घ्यायचं?"

तीन दिवस त्याचा तो तरुण लोकांच्या दारात नुसता उभा राहिला. कोणी आत बोलावीना, खेळ पुढे सरकेना. शेवटी कालिंदीने कपाळावर हात मारला आणि दुसरी डिस्क घातली.

हा दुसरा खेळ डावपेचांचा. डोंगरावर एक किल्ला, आत बारा माणसं, बाहेर शत्रूचा वेढा. मागच्या अंगाने भुयार खणायचं आणि तट पडायच्या आत बाराच्या बारा जणांना बाहेर काढायचं. दर डावाला शिंग वाजायचं. मग एकेकाला सांगायचं, तू खण, तू पाणी आण, तू बुरुजावर जा. ज्याला काही सांगितलं नाही तो आपल्या जागी उभा राहणार. पण खेळ सुरू होण्याआधी माणसांना नावं द्यावी लागत.

दत्तारामने खात्यातली नावं घडाघडा सांगितली. तुळशीदास, रामजी, उत्तम, रघू... कालिंदी इंग्रजीत टाकत गेली. अकरा झाली आणि तो थांबला.

"बारावा?"

"ऱ्हवू दे तसाच."

"रिकामा नाही ठेवता येत, बाबा."

"कुशाबा," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

आणि मग या माणसाने काय करावं? किल्ल्यात पाळ्या लावल्या! पहिली पाळी खणणार, दुसरी तटावर, दोघं बदली कामगार म्हणून राखीव, आणि सलग दोन पाळ्या कोणाच्या नशिबी नाहीत. कालिंदी हसून हसून बेजार झाली. तिच्या ऑफिसातली शहाणी पोरं सातव्या डावात गारद व्हायची, हा म्हातारा विसाव्या डावापर्यंत तग धरायचा.

पण कुशाबाचं काय ते विपरीत. खेळाने त्याला सुरुवातीलाच महादरवाजात उभं केलं होतं, डोक्याला पिवळं मुंडासं बांधून. रिकामी उभी असली की खेळातली माणसं काही ना काही चाळा करायची. कोणी जांभई द्यायचा, कोणी भाल्यावर रेलायचा. हा मान तिरकी करून उजवा कान खाजवायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा दत्तारामने हातातलं खोकं खाली ठेवलं. खरा कुशाबा साच्यावर उभा असताना कानात कापूस गेला की अगदी अशीच मान तिरकी करायचा.

"हे ह्याला कोणी शिकवलं?" त्याने कालिंदीला विचारलं.

"कोणी नाही, बाबा. प्रोग्राम असतो तो."

दत्ताराम अकरा जणांना हुकूम द्यायचा. कुशाबाला चकार शब्द नाही. तट पडला की महादरवाजातला कुशाबा सगळ्यात आधी मरायचा आणि तिथे त्याच्या नावाचा दगड उभा राहायचा. पुन्हा सुरू केलं की तो हजर, पिवळं मुंडासं, तिरकी मान. महिन्याभरात दत्तारामने त्याला साठ-सत्तर वेळा मरताना पाहिलं असेल. टीव्ही बंद केला तरी काळ्या काचेत कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. आंघोळीला बसला की कानात शिंग वाजायचं, आणि गिरणीचा भोंगा झाल्यासारखा तो अर्ध्या अंगावर साबण ठेवून उठायचा. जीव टांगणीला लागला होता माणसाचा.

मग एक हुकूम द्यायला काय जात होतं? सांगतो.

कुशाबा साताऱ्याकडचा, दत्ताराम कोकणातला. दोघांचे साचे शेजारी, खोल्या दोन दारं सोडून. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप लागला आणि दत्ताराम चाळीच्या संप-कमिटीवर आला. बोलायचा छान. वर्ष उलटलं, घराघरातली भांडी विकली गेली, तेव्हा एक दिवस कुशाबा त्याच्याकडे आला. "दत्ता, काही जण आत जाया लागलेत. मी जाऊ का?" दत्तारामने चार माणसांदेखत त्याला झापलं. "लाज नाय वाटत? कोणी हलायचं नाय!" कुशाबा मान खाली घालून गेला, आणि हलला नाही.

पुढच्याच महिन्यात दत्ताराम स्वतः आत गेला. कालिंदी तेव्हा तीन महिन्यांची. चंपाला दूध येईना, डब्यातली पावडर संपली, आणि जॉबरचा, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचा, निरोप आला की मागच्या गेटने गुपचूप ये. चाळीत त्याने सांगितलं, दादरला भावाच्या फुलांच्या गाळ्यावर जातो. पहाटे चपला हातात घेऊन तो कुशाबाच्या दारावरून जायचा. दाराशेजारच्या खिळ्याला कुशाबाचा डबा टांगलेला असायचा. कुशाबाच्या बायकोने, रखमावहिनीने, धुऊन वाळत घातलाय, असं मनाशी म्हणत तो जिना उतरायचा. कुशाबाला त्याने सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? दीड महिन्याने गिरणीने गैरहजर माणसांची नावं कापली, त्यात कुशाबा गेला. मग तो बाजारात गोणी वाहू लागला, खोकू लागला, आणि तिसऱ्या वर्षी संपला. तिरडीला पुढचा खांदा दत्तारामने दिला. तेवढंही केलं त्याने!

म्हणून कुशाबाला आता काही सांगायचं नाही, ही त्याने घेतलेली शपथ. आणि जोडीला दुसरी: एकदा, एकदाच बाराच्या बारा सुखरूप बाहेर निघू देत, मग रखमावहिनीला सगळं सांगून टाकीन. बारावा न सांगता कसा निघणार? तर म्हणे, भुयार पुरं झालं की येईल आपल्या पायांनी. आता काय बोलावं या माणसाला!

रखमा अजून त्याच खोलीत होती. दत्तारामला झटका आल्यापासून दुपारी कालिंदी ऑफिसात असताना तीच त्याला वाटीभर काहीतरी आणून द्यायची. तो घास त्याच्या घशाखाली कसा उतरत असेल, देव जाणे.

त्या दुपारी ती मटकीच्या उसळीची वाटी घेऊन आली तेव्हा दत्ताराम टीव्हीला नाक लावून बसला होता. भुयार पहिल्यांदाच पुरं झालं होतं. अकरा माणसं पलीकडे पोचली होती. तटाचा शेवटचा चिरा तेवढा शिल्लक, आणि महादरवाजात तो मान तिरकी करून उभा.

"ये की रे कुशाबा!" दत्ताराम ओरडला. "आपणहून ये की, मेल्या!"

मागे वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. त्याने वळून पाहिलं.

रखमा टीव्हीकडे बघत होती. "त्यो पिवळ्या मुंडाशाचा?"

त्याने मान हलवली.

"बाकीचे गेले वाटतं. ह्यो का नुसता हुबा?"

"सांगितल्याशिवाय हलत नाय, वहिनी."

"मग सांगा की."

"वहिनी, मला तुमाला एक सांगायचंय. संपात मी..."

"तुमी आत जात व्हता," रखमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही की पडला नाही. "नळावर तुमच्या कानामागं कापूस दिसला मला. फुलाच्या गाळ्यावर कुठला आला कापूस? मी ह्येंना सांगितलं."

"कुशाबाला ठाऊक होतं?"

"पयल्या दिसापासनं. म्हनले, कुनाला बोलू नगंस, त्याची पोरगी तान्ही हाय. आन् म्हनले, दत्ता मला बोलवाया येईल. त्यानं थांब म्हनलंय, आता त्योच चल म्हनंल. रोज पाटं माझ्याकडनं डबा भरून घ्यायचे. दाराशी खिळ्याला टांगून आत कापडं घालून बसायचे. तुमची पावलं जिन्यात उतरली की डबा काढून आत आनायचे. मी म्हनलं, न्हाई येत त्यो, तुमीच जावा. तर म्हनले, येईल गं, लाजतुया."

"भरलेला होता?" दत्ताराम म्हणाला. "तो डबा भरलेला होता?"

"दीड म्हैना," रखमा म्हणाली. "घरात जवा पीठ न्हवतं तवा नुसतं पानी भरलं. रिकामा डबा हलतो, वजन लागाया पायजे म्हनले."

दत्ताराम ओक्साबोक्शी रडला. एकसष्ट वर्षांचा बाप्या, हातात ते बटणांचं खोकं, नाक गळतंय, आणि समोर तो कान खाजवत उभा. रखमाने त्याला गप्प केलं नाही. ती जमिनीवर बसली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि पडद्याकडे बघत राहिली.

"सांगा त्येला," थोड्या वेळाने ती म्हणाली.

डाव्या अंगठ्यात जोर नव्हता. त्याने उजव्या हाताने तो अंगठा बटणावर दाबला. "चल कुशाबा," तो मोठ्याने म्हणाला. "चल माझ्याबरोबर."

महादरवाजातल्या माणसाने मान सरळ केली. तो वळला, चौक ओलांडून गेला, भुयारात उतरला. मागे तट कोसळला. पलीकडच्या माळावर अकराचे बारा झाले, शिंग वाजलं आणि पडद्यावर कालिंदीच्या इंग्रजीत काहीतरी अक्षरं चमकली. जिंकला होता तो. पण वहिनीला सांगायचं म्हणून जे जपलं होतं ते तिला सत्तावीस वर्षं ठाऊक होतं, आणि कुशाबालाही ठाऊक होतं.

"निघाला?" रखमाने विचारलं.

"निघाला."

"समद्यांसंगं?"

"समद्यांसंगं."

तिने पदराने तोंड पुसलं. "उसळ खावा, गार व्हतीया. आन् उद्या परत ह्ये लावाल तवा मला हाक मारा."

दुसऱ्या दिवशी कालिंदी ऑफिसला गेल्यावर दत्ताराम गॅलरीत आला. दोन दारं चालून गेला आणि उभा राहिला. दाराशेजारी खिळा तसाच होता, गंजलेला, डोकं वाकलेलं. पाय आपसूक जिन्याकडे वळू लागले. त्याने खिळ्याला हात लावला, मग तो घट्ट धरला, आणि घसा खाकरला.

"वहिनी," त्याने हाक मारली, "चला. बोलवायला आलोय."