भरल्या ताटावरून

शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो येतात ते जेवायला. ओहोटीला चिखल उघडा पडला की माना खाली घालून खात राहतात. दादरचा एक टूरवाला लोकांना बोटीतून ते दाखवायचा आणि माझा नवरा त्याची बोट चालवायचा. पक्षी उडावेत म्हणून टूरवाला पत्र्याचा डबा बडवायचा. सगळा थवा खाणं टाकून उठायचा, लोक मोबाइल वर करायचे. पक्षी परत बसले की पुन्हा डबा. नवरा एकदा म्हणाला, "साहेब, जेवू द्या ना त्यांना." टूरवाला हसला. "अरे, उडताना फोटो छान येतो," म्हणाला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. नोकरी गेली त्याहून मला ते हसणं जास्त लागलं.

आमच्या कोळीवाड्यात वैऱ्यालाही भरल्या ताटावरून उठवत नाहीत. म्हणूनच मी रविवारी दुपारी, नेमकी जेवणाच्या वेळेला, दादरला गेले आणि त्याच्या गॅलरीखाली उभी राहून घरून नेलेला डबा बडवला. रश्श्याने माखलेला हात घेऊन तो बाहेर आला. मी थांबले. तो परत ताटावर बसला असेल एवढा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा बडवला. आता शेजारचेही गॅलरीत आले.

"अहो बाई, जेवतोय ना मी," तो तोंडातल्या घासासकट ओरडला.

मी मोबाइल वर धरला. "जेवा की साहेब. पण उठल्यावर फोटो छान येतो."